मामीची सही आणि उज्जैनचा न लिहिलेला नियम

"नंदू, तू नागरिकशास्त्र शिकवतोस ना? मग ये उज्जैनला. माझ्या अधिकाराचा प्रश्न आहे!" मामीचा असा फोन आल्यावर कोण घरी बसेल? पुण्याहून इंदूरला जाणारी गाडी पकडली, ती उज्जैनवरूनच जाते. तिकीट आधी काढा, सणासुदीला उभं राहायला जागा नसते. स्टेशनबाहेर ई-रिक्षाचं भाडं ठरवून मगच बसा.

माधव नगरच्या घरी मामीनं पोहे दिले, वर शेव आणि जीरावन नावाचा आंबट-तिखट मसाला. अहाहा! दुसरी बशी घेतली तेव्हा तिनं विषय काढला. ती इथल्या मराठी मंडळाची अध्यक्ष झाली होती. कार्यकारिणीत बहुमत मात्र कानडे नावाच्या गृहस्थांचं, आणि त्यांना कार्यवाह व्हायचं होतं. झालो की मुलांचा मराठी वर्ग बंद, हॉल लग्नांना भाड्यानं, असं त्यांनी उघड सांगितलं होतं. वर्ग मामीचा, जिवापाड जपलेला.

"मंडळाच्या घटनेत साफ लिहिलंय, कार्यवाह अध्यक्ष नेमतील. बस! मी कानडेंना नेमतच नाही."

"मामी, देशाच्या घटनेतही पंतप्रधान राष्ट्रपती नेमतात, एवढंच आहे. बहुमतवाल्यालाच बोलवा, असं कुठे लिहिलंय?"

"मग मनाला येईल त्याला का नेमत नाहीत?"

"प्रथा आहे. ती मोडली तर लोकसभा ते सरकार पाडेल, आणि राष्ट्रपतीपदाची इज्जत जाईल ती वेगळीच."

मामीचं तोंड उतरलं. मला फार वाईट वाटलं. मदतीला बोलावलेला भाचाच घरचा भेदी निघाला!

संध्याकाळी राम घाटावर गेलो. आरतीसाठी जरा लवकर जा, पायऱ्यांवर बसायला मिळतं. मामा म्हणाले, "अगं, इथला राजा महाकाल. राज्य करणाऱ्यानं उज्जैनात रात्री मुक्काम करू नये म्हणतात. कुठल्या कागदावर आहे? तरी भले भले शाम ढळली की सामान बांधतात."

"तुम्ही तर बोलूच नका," म्हणत मामी हसली. मग मला म्हणाली, "म्हणजे मी काहीच करू शकत नाही का रे?"

"बोलावून समजावू शकतेस. आणि राष्ट्रपती एखादा निर्णय एकदा फेरविचाराला परत पाठवू शकतात, तसा तूही ठराव परत पाठव. पुन्हा तसाच आला, तर मात्र सही."

दुसऱ्या दिवशी फ्रीगंजच्या बाजारात शेव घेतली आणि तिथूनच मंडळाच्या बैठकीला गेलो. मामीनं नेमणुकीवर सही केली. "कानडेजी, बधाई! आता बसा, वर्गाबद्दल ऐकून घ्या." त्यांनी शांतपणे ऐकलं. "बघू, भाभी," एवढंच म्हणाले.

पुण्यात शेव दोन दिवसांत संपली. वर्गात राष्ट्रपतींचा धडा आला की मला मामीच दिसू लागली. मग तिचा फोन आला.

"वर्ग बंदचा ठराव आला. परत पाठवला. तसाच पुन्हा आला. केली सही."

"सॉरी, मामी."

"अरे, सॉरी कसलं? वर्ग आता आमच्या गच्चीवर भरतो! काल कानडे स्वतः नातवाला घेऊन आले, तेही उशिरा. मी म्हटलं, मंडळात तुमचं बहुमत असेल, इथे वेळेवर यायचं."

"मग?"

"मग काय, 'हो बाई' म्हणाले आणि चप्पल काढून मागे बसले."