हुडहुड्याची वाट

माझी बायको सुमन पाखरांकडे कधी सरळ पाहत नसे. बागेत जाऊन तिरपी बसायची. मांडीवर सूप, सुपात निवडायची डाळ, आणि नजर डोळ्याच्या कोपऱ्यातून. मी एकदा म्हटलं, "असं चोरून काहून पाहतं वं?" तर म्हणाली, "पाहुन्याच्या ताटाकडे कोनी टक लावून पाहते का जी? त्याले घास उतरन का?"

बाग म्हणजे आमच्या वस्तीमागची, नागपूर शहरातलीच. पुढे गवत आणि झोपाळे. मागच्या कोपऱ्यात बोरीची झुडपं, पालापाचोळा, एक पडकी भिंत. तिकडे कोणी जात नसे. सुमन जायची. दसऱ्याला दीक्षाभूमीवरून आलो की तिचं वाट पाहणं सुरू. थंडीच्या तोंडावर दूरदूरची पाखरं येतात ना, त्यांची. गवतावर शेपूट वरखाली करत पळणारे धोबी यायचे, ते सगळ्यांनाच दिसत. तिचा जीव मात्र एका काळ्या, पोटाखाली नारिंगी असलेल्या पाखरावर. भिंतीवर बसलं की त्याची शेपटी थरथरायची. बागेत फिरायला येणाऱ्या एका मॅडमनी सांगितलं, पुस्तकात याला थिरथिरा म्हणतात. सुमन म्हणाली, "पुस्तकात असन. आमच्या इथं तो हुडहुड्या. थंडी वाजते त्याले."

मी चौथी शिकलेला. जन्म इतवारीच्या बाजारात पोती उचलण्यात गेला. पाखरू म्हणजे सांडलेलं धान्य खाणारं, एवढीच माझी ओळख. पण तिच्या शेजारी बसायचो. तेवढा वेळ ती माझ्यावर खेकसत नसे.

मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्याच लोकांनी महापालिकेच्या मागे लागून तो कोपरा साफ करून घेतला. झुडपं गेली, भिंत पाडली, चालायला फरशी बसली. सगळे खूश. सुमन त्या फरशीवर उभी राहिली आणि म्हणाली, "पाखराचं ताट उचललं, न् जागा साफ केली म्हनते."

त्याच सुमारास तिच्या पोटात पाणी भरायला लागलं. दसरा आला तेव्हा तिला खाटेवरून उठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच राहू द्या. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही समजला. तिने मला एकच काम लावलं. सकाळी बागेत जायचं आणि हुडहुड्या आला का ते पाहून यायचं.

"आला का जी?"

"नाही वं."

"तिरपं बसून पाहिलं?"

"तिरपं बसून पाहिलं."

"मंग उद्या येईन."

धोबी आले. तो आला नाही. येऊन बसणार कुठे?

तिची धाकटी बहीण कमल सेवेला येऊन राहिली होती. ती मला दाराआड गाठून म्हणाली, "भाऊजी, हो म्हनून टाका ना. तोंडाले काटे येते का तुमच्या?" मी फार सत्यवादी आहे असं नाही. इतवारीत तसा कोण टिकतो? पण मरायला टेकलेल्या बाईला मीही खोटं सांगितलं, तर तिच्याशी खरं बोलणारं राहिलं कोण?

एका सकाळी परत आलो तर कमल तिच्या उशाशी बसलेली, चेहरा फुललेला. "भाऊजी, मी दूध आणाले गेली तं मलेच दिसला. तारेवर बसून शेपटी हलवून राहिला होता."

सुमन हसत होती. "आला म्हनते जी. बरं झालं वं कमल, तुले तरी दिसला."

कमल चहा ठेवायला आत गेली. सुमनने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. बोलायची गरजच पडली नाही.

"तिले कळू देऊ नका," ती हळूच म्हणाली. "लय जीव लावून खोटं बोलली बिचारी."

मग तिने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर मला तिने कधी विचारलं नाही. मी जात राहिलो. फरशी तेवढी होती. दिवाळीच्या आधी सुमन गेली.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला कमल सांगते, "पाखरू आलं हे ऐकून समाधानानं गेली माही ताई." बाया डोळे पुसतात आणि माझ्याकडे पाहतात. मी हो म्हणतो.

ती समाधानाने गेली नाही. कोणी आलेलं नाही हे तिला माहीत होतं. तिला ते माहीत होतं, हे ठाऊक असलेली आम्ही दोनच माणसं होतो. आता मी एकटा आहे.