भांडं खाली

सुहासिनी आठल्यांच्या घरात 'खाली' या एका शब्दापायी दोन लिटर दूध मोरीत गेलं होतं, ही गोष्ट झाशीतल्या बहुतेक मराठी घरांना पाठ आहे. मुग्धा, म्हणजे सुहासिनीची लेक, तेव्हा नऊ वर्षांची. दूध वर यायला लागलं, सुहासिनीचे दोन्ही हात कणकेत, म्हणून ती ओरडली, "अगं, पातेलं खाली घे, खाली!" पोरगी दिवसभर शाळेत हिंदी बोलणारी. तिने फडक्याने पातेलं उचललं, मोरीपाशी नेलं आणि खाली केलं. थेंबन्‌थेंब! हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण दूध उतू जाताना कुणाला आठवतंय? सुहासिनीने कपाळावर हात मारला आणि मग तिला असं हसू फुटलं की कणिक कपाळालाच चिकटून राहिली.

ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

सुहासिनी तशी साधी बाई. माहेरचे पूर्वज कोकणातून पूजाअर्चेसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. सासरी गजाननराव रेल्वेत कारकून. तिने स्वतः रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केली, दुसऱ्या वर्गात, आणि सदर बाजारामागच्या गालिचा केंद्रात लोकर रंगवायच्या कामाला लागली. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. उजव्या हाताच्या नखांत निळा रंग कायमचा मुरलेला. हळदीकुंकवाला गेली की एखादी बाई त्या नखांकडे बघून नाक मुरडायची. मग सुहासिनी मुद्दाम तोच हात पुढे करायची. "लाव की हळद. रंगाचीच माणसं आम्ही."

तर एकदा काय झालं, केंद्राने एका लग्नघरासाठी मोठा साईच्या रंगाचा गालिचा करून दिला. चौथ्या दिवशी तो परत आला. त्यावर चहा होता, वरण होतं, हळद होती, आणि बरोब्बर मधोमध कुणा पाहुण्याने पानाची पिचकारी मारली होती. लग्नघरच्या माणसाने गालिचा दारातच टाकला आणि म्हणाला, "हाथ की रंगाई में यही होता है."

झालं! तेवढं एक वाक्य सुहासिनीला असं झोंबलं की पुढची तीन वर्षं तिने त्याच्या मागे घालवली. पाहुणा थुंकणार, आणि दोष हिच्या हाताला? डाग धरणारच नाही अशी लोकर रंगवून दाखवीन, नाहीतर नाव सांगणार नाही, असं तिने केंद्रात सगळ्यांदेखत सांगून टाकलं. सगळे हसले.

प्रयोगाला पहिले बळी पडले गजाननरावांचे लोकरीचे मोजे. बिचारे थंडीत विचारायचे, "आज कोणता पाय पानाचा आणि कोणता वरणाचा?" सुहासिनीची कल्पना मात्र पक्की होती, आणि ती कुणालाही समजेल अशी सांगायची. लोकरीत रंग बसायला जागा असतात. गालिचा रंगवला तरी बऱ्याच जागा रिकाम्या राहतात, आणि पुढे सांडलेला चहा तिथे जाऊन बसतो. "बरुआसागरची बस बघा," ती म्हणायची. "सगळ्या सीटा आधीच भरल्या तर मागून आलेला दारात लोंबकळणार. त्याला पुढच्या थांब्यावर सहज उतरवता येतं." म्हणून रंग झाला की हिरड्याचं पाणी, तुरटी आणि थोडं आंबट घालून त्या सीटा भरायच्या. ऐकायला सोपं. पण सत्तेचाळीस वेळा तिने लोकर उकळली आणि सत्तेचाळीस वेळा पानाचा डाग तिथे ठाण मांडून बसला.

अठ्ठेचाळिसाव्या वेळी उकळी फुटली आणि केंद्र बंद व्हायची वेळ झाली. चौकीदार किल्ल्या वाजवत उभा. तिने वैतागून भांडं भट्टीवरून खाली उतरवलं, लोकर तशीच पाण्यात सोडली आणि घरी निघून आली. सकाळी बघते तर पाणी गार, लोकर त्यातच निवांत. ती वाळवली, तिच्यावर पान थुंकली, हो, स्वतः चावून थुंकली, आणि पाव तासाने ओल्या फडक्याने पुसलं. डाग गेला? अहो, बसलाच नव्हता! एकटीच होती, तरी ती मोठ्यांदा म्हणाली, "आता बोला!" लोकर त्या पाण्यात हळूहळू गार व्हायला हवी होती, तेव्हा कुठे सीटा नीट भरत होत्या. सत्तेचाळीस वेळा ती घाईघाईने पाणी ओतत आली होती.

तिने वहीत लिहिलं, तिच्या नेहमीच्या तुटक मराठीत: 'उकळी आली की भांडं खाली. सकाळपर्यंत हात लावू नये.'

आता दीक्षित सर. अशोक दीक्षित, एका इंजिनियरिंग कॉलेजातले मोठे प्राध्यापक, गोड बोलणारे. केंद्रात आले, तिचे नमुने बघून तोंडात बोट घातलं, म्हणाले, "सुहासिनीजी, यह तो आविष्कार है! इसका पेटंट होना चाहिए." कॉलेज सगळं करील, फक्त वही आठवडाभर द्या. मराठीत आहे, तिने सांगितलं. सर हसले. "मराठी तो हिंदी की बहन है, सब समझ में आता है." वही तीन महिन्यांनी परत आली.

मुग्धा आता सदर बाजारात एका वकिलाकडे कामाला आहे. एके दिवशी शिक्का मारायला आलेल्या कागदांत तिला डाग न धरणाऱ्या गालिच्याच्या पेटंटचा अर्ज दिसला. शोध लावणाऱ्याच्या रकान्यात एकच नाव होतं, डॉ. अशोक दीक्षित. ती घरी आली, चप्पलही न काढता म्हणाली, "आई, तुझं नाव नाहीये. मैंने दो बार देखा."

सुहासिनी दुसऱ्या दिवशी ऑटो करून कॉलेजात गेली. सरांनी चहा मागवला. "आपका नाम आभार में है न," ते म्हणाले आणि कागद दाखवला. 'कालीन केंद्र के कर्मचारियों का आभार.' गालिचा केंद्रातले कर्मचारी! तिथेसुद्धा नाव नाही.

"सर, रंगाई मैंने की," ती म्हणाली.

"रंगाई आपने की, विज्ञान हमने लिखा. बिना लिखे तो वह रसोई थी." मग अगदी आपुलकीने म्हणाले, "गुरुवार को पेटंट वाली समिति के सामने प्रदर्शन है. आप ज़रूर आइए. नाश्ता भी है."

तिने चहाला हात लावला नाही. घरी येताना ऑटोत तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. ज्या माणसाने गालिचा दारात टाकला होता त्याने निदान पाठीमागून काही नेलं नव्हतं. गजाननराव म्हणाले, "जाऊ दे, मोठी माणसं आहेत." ती म्हणाली, "मोजे तुमचे गेलेत, तुम्ही तरी असं म्हणू नका." गुरुवारी तिने वही पिशवीत घातली, आपल्या हातचा गालिच्याचा तुकडा घातला, कोपऱ्यावरून पान बांधून घेतलं, आणि मुग्धाला रजा टाकायला लावली.

सभागृह भरलेलं होतं. पेटंटसाठी कोणते अर्ज पुढे पाठवायचे ते ठरवणाऱ्या समितीवर दिल्लीहून चारुता माथुर म्हणून एक बाई आल्या होत्या. कमी बोलायच्या, चष्म्यावरून बघायच्या. त्या दिवशी तीन शोध मांडलेले. पहिला, कौलावर पितळेची झळाळी आणणारा धातूच्या भुकटीचा रंग. दुसरा, ओल्या भिंतीत वीज उतरली की शिट्टी मारणारं यंत्र, ते तर माणूस नुसता जवळून गेला तरी शिट्टी मारत होतं. आणि तिसरा गालिचा. समितीची अट अशी की जुना नमुना चालणार नाही. अर्जात लिहिलंय अगदी तसाच नवा तुकडा करायचा आणि सगळ्यांसमोर तपासायचा. कॉलेजच्या लोकांनी तो तुकडा आदल्या दिवशीच केलेला होता.

दीक्षितांनी छान भाषण केलं. मग तुकड्यावर चहा ओतला, हळदीचं पाणी ओतलं, पानाचा रस ओतला. पाव तास थांबले. फडकं फिरवलं. डाग तिथेच. जोरात घासलं. लाल होता तो आणखी पसरला. मागे कुणीतरी खुसखुसलं आणि ते यंत्र नेमकं तेव्हाच शिट्टी मारून गप्प झालं.

दीक्षितांनी घाम पुसला. "प्रक्रिया बिल्कुल सही है," ते तुकड्यातल्या लोकरीकडे बोट करून म्हणाले. "ऊन कालीन केंद्र से आई थी, रंगाई वहीं की है. अब हाथ की रंगाई में..."

पुढचं वाक्य सुहासिनीने पुरं होऊच दिलं नाही. ती उठली होती. तिने पदर खोचला, पिशवी घेतली आणि सरळ मंचाकडे चालू लागली. आधी नाव चोरलं ते चोरलं, आता डागही माझ्याच पदरात? एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"मैडम, मैं वही रंगाई वाली हूँ," ती चारुताबाईंना म्हणाली. "सर से कहिए, लोकर उकळल्यावर काय करायचं ते वाचा. ज़ोर से." बोलताना मराठी घुसली ते तिला कळलंही नाही.

चारुताबाईंनी दीक्षितांकडे पाहिलं. दीक्षितांनी कागद उचलून वाचलं, "उबाल आते ही बर्तन पूरा खाली कर दें. ऊन को सुबह तक हाथ न लगाएँ."

"सुबह तक?" चारुताबाईंनी चष्मा खाली केला. "घंटे क्यों नहीं लिखे? सुबह तक क्यों?"

दीक्षित म्हणाले, "वह... अनुभव से."

"अनुभव माझा!" सुहासिनी म्हणाली. "मैडम, सुबह तक इसलिए, कि शाम को केंद्र बंद होता है और चौकीदार चाबियाँ बजाता है. मैं घर जाती हूँ. सुबह आती हूँ. आपके कॉलेज की लैब तो कभी भी खुल जाती है, सर. तुम्हाला सकाळ कशाला हवी होती?"

तिने वही उघडली आणि मुग्धाकडे धरली. "वाच गं. मोठ्यांदा वाच."

मुग्धा, जी घरातसुद्धा आईला हिंदीतच उत्तर देते, ती त्या भरल्या सभागृहात उभी राहिली आणि एकेक शब्द लावत मराठी वाचायला लागली. "उकळी आली की भांडं खाली. सकाळपर्यंत हात लावू नये." मग मान वर करून म्हणाली, "मैडम, मराठी में खाली मतलब नीचे. बर्तन आग से नीचे उतारना है, पानी फेंकना नहीं है. ऊन उसी पानी में पड़ी रहती है. यह गलती मैंने भी की थी, दूध के साथ. पर मैं नौ साल की थी."

हशा उठला तो थांबेना. झळाळीचा रंगवाला तर टेबलावर हात आपटून हसत होता. दीक्षित मात्र हातातल्या कागदाकडे असे बघत होते, जणू तो त्यांनी आजच पहिल्यांदा वाचला.

सुहासिनीने हसण्यात वेळ घालवला नाही. पिशवीतला आपला तुकडा काढून टेबलावर टाकला, पुडीतलं पान तोंडात घातलं, चावलं, आणि दिल्लीच्या समितीसमोर, फुलदाणीच्या शेजारी, त्या साईच्या रंगावर पचकन थुंकली. पुढच्या रांगेतली दोन माणसं मागे सरकली. पाव तास ती तशीच उभी राहिली, कुणी बस म्हणालं तरी बसली नाही. मग फडकं ओलं करून एकदाच फिरवलं.

चारुताबाई स्वतः उठून आल्या. तुकडा उजेडात धरला, उलटा केला, अंगठ्याने चोळला. "यह अर्ज़ी आगे नहीं जाएगी," त्या म्हणाल्या. "इस रूप में तो नहीं."

दीक्षित सावरले. गोड बोलणं त्यांना तेव्हाही सोडून गेलं नव्हतं. "मैडम, छोटी सी भूल है. सुधार लेते हैं. सुहासिनीजी, आपका नाम भी नीचे जोड़ देते हैं. दोनों का नाम. बात खत्म."

गजाननराव असते तर हो म्हणाले असते. मुग्धाने आईचा हात धरला. एक क्षण सुहासिनीलाही वाटलं, दोघांचं तर दोघांचं, नाव तर येतंय. मग तिची नजर त्या दुसऱ्या तुकड्यावरच्या लाल डागावर गेली. तो डाग तर हा माणूस पूर्णच्या पूर्ण तिच्या नावावर टाकायला निघाला होता, त्यात अर्धा स्वतःकडे ठेवला नव्हता.

"नीचे नहीं, सर," ती अर्जातल्या त्यांच्या नावाच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली. "पहले वह खाना खाली कीजिए. इस बार हिंदी वाला खाली."

चारुताबाईंनी फाइलमधून अर्जाचा कोरा फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला आणि आपलं पेन उघडून दिलं. सुहासिनीने निळ्या नखांच्या हाताने पहिल्या रकान्यात लिहिलं, सुहासिनी गजानन आठले. कामाच्या रकान्यात लिहिलं, हाताची रंगाई.