मुर्ध्याच्या मावशीचा अंगठा

भाईंदर पश्चिम आणि आसपासच्या समस्त मांसाहारी, शाकाहारी व काठावरच्या नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मुर्ध्याच्या मावशीला चिंबोरीतलं काहीही कळत नाही. ही अफवा नाही. तसा कागद आहे. कागदावर गोल शिक्का आहे, शिक्क्याखाली सही आहे आणि सहीखाली एका साहेबांचं पद तीन ओळींत छापलेलं आहे. तेव्हा आजवर आपण त्या बाईकडून ज्या चिंबोऱ्या घेतल्या, शिजवल्या आणि बोटं चाटत खाल्ल्या, त्या सर्व एका अप्रशिक्षित व्यक्तीने पकडलेल्या होत्या, याची नोंद घ्यावी.

घोषणा करणं हा माझा जोडधंदा. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मी सूत्रसंचालन करतो. उद्घाटन, सत्कार, सोसायटीचा गणपती, जे मिळेल ते. आवाज भारदस्त आहे, असं लोक म्हणतात आणि मी त्यांना अडवत नाही. याच आवाजाने या गोष्टीत काय केलं तेही सांगणार आहे. सांगताना मान खाली जाईल, पण सांगणार.

मावशी खाडीकाठच्या मुर्धा गावची. तिला तुम्हीही पाहिलं असेल. बाजाराच्या तोंडाशी, रिक्षा वळतात त्या कोपऱ्यावर बसायची. समोर ओल्या गोणपाटाखाली खाडीतले खेकडे, म्हणजे आपल्या चिंबोऱ्या. गिऱ्हाइकाने एखादीकडे बोट दाखवलं की ती उचलायची, उलटी करायची आणि पोटाकडच्या कवचावर अंगठा दाबायची. कवच लवलं की चिंबोरी परत गोणपाटाखाली.

"ही रिकामी हाय. नको घेव."

गिऱ्हाईक नोट पुढे करून उभं आणि ही विकायला तयार नाही! मी दादरहून नवा नवा इथे राहायला आलो तेव्हा एकदा पौर्णिमेच्या आसपास तिच्याकडे गेलो होतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लग्नघरी बाराव्याचा निरोप घेऊन आलोय. मग शेजारच्या बोंबीलवालीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली की हे माइकवाले मोठे शिकलेले, पण चांदण्यात चिंबोरी खायला निघालेत. चिंबोरी अमावास्येला भरलेली असते, हे मला त्या दिवशी सगळ्या बाजारासमक्ष कळलं. तेव्हापासून मी तिचा माइकवाला झालो.

रिकाम्या चिंबोऱ्यांचं काय करतेस, असं मी एकदा विचारलं. कात टाकलेली चिंबोरी आत पाण्याने भरलेली असते, मांस नसतं. मातीमोल जाते. पण तिलाच तीन-चार आठवडे खाडीच्या पाण्यात, एकेकीला वेगळ्या पेटीत ठेवून चुरामुरा मासळी खायला घातली, तर ती अशी भरते की कवच फुटेल असं वाटावं. मावशीने फुटक्या बादल्यांत हा प्रयोग करून पाहिला होता. तिला हव्या होत्या पेट्या. जाळीच्या, झाकणाच्या, गावाजवळच्या जुन्या मिठागरातल्या पाण्यात ठेवता येतील अशा.

आणि हा हौसेचा मामला नव्हता. तिचे गुडघे संपले होते. ओहोटीला खाडीच्या चिखलात मांडीपर्यंत उतरायचं, बिळात आकडी घालायची, पाय उपसत पुढच्या बिळाकडे जायचं. वर्षानुवर्षं हेच. त्यात इमारतींचा राडारोडा खाडीत येऊन पडू लागला आणि चिखलात काचा, खिळे निघू लागले. "पेट्या असल्या तर बांधावर बसून धंदा व्हईल," ती म्हणायची. "न्हायतर एक दिवस हा चिखल मना सोडायचा न्हाय."

म्हणून ते पत्रक हाती आलं तेव्हा मीच धावत गेलो. पारंपरिक मच्छीमारांसाठी पाच दिवसांचं मोफत खेकडापालन प्रशिक्षण. निधी सरकारचा, प्रशिक्षण एका संस्थेचं. प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांना पेट्यांचा संच. उद्घाटनाचा, रोजच्या प्रास्ताविकाचा आणि समारोपाचा माइक माझ्याकडे. मी अर्ज भरला, मावशीने माझ्या अक्षराचं कौतुक केलं, दोघंही खूश.

संस्थेच्या साहेबांनी तारखा काढल्या त्या नेमक्या अमावास्येच्या आठवड्यात. म्हणजे ज्या पाच दिवसांवर मावशीचा महिना चालतो, त्याच पाच दिवसांत तिने दहा ते पाच सभागृहात बसायचं. तिथी बघायची असते हे साहेबांना ठाऊक नव्हतं. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांना एक फोन करून विचारावं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मावशी तरीही आली. गावातल्या आणखी सहाजणी घेऊन आली, धुवट लुगडी नेसून.

दारात अंगठ्याचं यंत्र होतं. अंगठा टेकवा, हिरवा दिवा लागला की हजेरी. मावशीने अंगठा टेकवला. लाल. पुसून टेकवला. लाल. डावा टेकवला. लाल. यंत्रावरचा माणूस म्हणाला, मावशी, हात ओले आहेत, उद्या जरा कोरड्या होऊन या.

"कोरडी झाले तर खाव काय?" मावशी म्हणाली.

मी तिचा अंगठा हातात घेऊन पाहिला. खडकावरून कालवं फोडून, मिठाच्या पाण्यात, बर्फात, सुंभाच्या गाठींत तो अंगठा इतका झिजला होता की त्याच्यावर एक रेघ शिल्लक नव्हती. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. सातजणींपैकी पाचजणींचं तेच. ज्या दोघींचा दिवा हिरवा झाला, त्या मासळी सोडून भाईंदर पूर्वेला घरकामाला जाणाऱ्या होत्या. मच्छीमार ओळखायला आणलेलं यंत्र मच्छीमार तेवढे वेचून बाहेर काढत होतं. मला संताप आला तो तिथे, आणि अजून उतरलेला नाही.

वहीत सही घ्या, मी साहेबांना म्हटलं. नियमात बसत नाही, साहेब म्हणाले. पण संस्थेला पैसे मिळणार ते हजेरीवर, आणि दिवे तर लाल. तेव्हा दुपारपर्यंत भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कहून दोन टेम्पो भरून माणसं आली. याच संस्थेच्या तिथल्या कॉम्प्युटर क्लासची विद्यार्थी मंडळी. सगळ्यांचे अंगठे ताजे, दिवे हिरवेगार. ते पारंपरिक मच्छीमार असल्याचे दाखले कुठून आले ते विचारू नका. मी विचारलं होतं. मला चहा मिळाला.

त्यांत एक तिशीची गुजराती बेन होती. घरी कांदासुद्धा चालत नाही. तिला सांगितलं होतं, चला, बोनस सर्टिफिकेट आहे. बिचारी नाकाला रुमाल लावून शेवटच्या रांगेत बसली.

आता कळस ऐका. ज्या प्रशिक्षकांचं नाव फलकावर होतं ते आलेच नाहीत. पहिल्या दिवशी नाही, पाचव्याही दिवशी नाही. साहेब घामाघूम. आणि मग त्यांनी, ज्या बाईची हजेरी लागत नव्हती तिलाच म्हटलं, मावशी, तुम्हीच बोला थोडं.

मावशी पाच दिवस बोलली. काय बोलली हो! पोटावरची झडप अरुंद तो नर, रुंद ती मादी. चिंबोरी धरायची ती मागून. पायाने हलकेच दाबून नांग्या दोरीने कशा बांधायच्या, ते तिने चप्पल काढून, दुखऱ्या गुडघ्यावर टेकून करून दाखवलं. पाणी पेटीला चालेल की नाही ते जिभेवर कळतं, म्हणून तिने सगळ्यांना बाटलीतलं खाडीचं पाणी चाखायला लावलं. बेनने रुमाल बाजूला केला, डोळे मिटले आणि चाखलं. मग वहीत लिहून घेतलं. "मटणाच्या रश्शाएवढं खारट," असं मावशीने प्रमाण सांगितलं होतं. बेनने शेजारणीला विचारलं की रसम म्हटलं तर चालेल का.

रोज सकाळी मात्र मावशी यंत्रापुढे उभी राहायची. लिंबू चोळून आली, खोबरेल लावून आली, एक दिवस बाकीच्या चौघींनी फुंकर घातली. लाल. "याला मी आवडत न्हाय," ती म्हणायची आणि आत जाऊन शिकवायला लागायची.

प्रमाणपत्रांची यादी लागली, तिच्यात तिचं नाव नव्हतं. मी तीन पानी अर्ज लिहिला. बँकेत तीस वर्षं घासलेली माझी सगळी भाषा त्यात ओतली. उत्तर आलं, तोच शिक्क्याचा कागद. उपस्थिती शून्य असल्याने सदर महिलेस विषयाचे ज्ञान प्राप्त झालेले नाही, असे गृहीत धरण्यात येत आहे. मी तो तिला बाजारात वाचून दाखवला. तिने ऐकून घेतलं, एक चिंबोरी उचलली, उलटी केली, अंगठा दाबला.

"माझे गुडघ्यांचा काय लिवलाय?" तिने विचारलं.

गुडघ्यांचं काही लिहिलं नव्हतं.

पेट्या गेल्या जेसल पार्कला. एका गच्चीवर मी त्यांत पुदिना लावलेला पाहिला. मावशी पुन्हा चिखलात उतरली, आणखी दोन हंगाम. मग एका ओहोटीला तिला उचलूनच आणावं लागलं. आता ती वसईला लेकीकडे असते, चालत नाही. बाजारातल्या तिच्या कोपऱ्यावर मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो.

पण समारोपाचं राहिलं. यादी लागल्यानंतर तो झाला, त्या दिवशी मावशी आली नव्हती. ओहोटी होती, आणि बोलावलंही नव्हतं. सभागृहात मखमली टेबल, फुलं, प्रमुख पाहुणे. आणि मी, तुमचा भारदस्त आवाज. "सागरपुत्र!" अशी गर्जना करून मी एकेक नाव पुकारलं. जेसल पार्कचे सागरपुत्र एकामागून एक येऊन कागद घेऊन गेले. मी थांबू शकलो असतो. माइक माझ्या हातात होता. थांबलो नाही. मला शालही मिळाली. ती मी अजून पांघरलेली नाही, पण घेतली, हे खरं.

शेवटी बेनला मनोगतासाठी बोलावलं आणि माइक तिच्या हातात दिला. तेवढ्यात पाहुण्यांना वाटलं, जिवंत खेकड्यासोबत फोटो हवा. साहेबांनी बाजारातून आणवलेली हातभर नांग्यांची चिंबोरी टेबलावर ठेवली. दोरी नको, नैसर्गिक दिसू दे, पाहुणे म्हणाले. साहेबांनी कात्रीने दोरी कापली.

चिंबोरीने दोन्ही नांग्या उघडल्या आणि मखमलीवरून पाहुण्यांच्या दिशेने निघाली. पाहुण्यांनी पाय खुर्चीवर घेतले. साहेब फलकामागे गेले. प्रमाणपत्रधारक एका दमात भिंतीला लागले. "अरे बांधा कोणी! तुम्ही शिकलात ना?" साहेब फलकामागून ओरडत होते. कोणी हललं नाही.

बेन माइक धरून तिथेच उभी होती. तो चालू आहे हे ती विसरली होती, आणि अख्ख्या सभागृहाने ऐकलं:

"सर, मावशीला बोलवा ना. शिकवलं तर त्यांनीच, आमचा फक्त अंगठा आहे."