वेचणीचं गाणं, खरखरीसकट

नागपूरच्या मित्राने दिलेली कॅसेट लावली आणि मी घाबरलो. आत गाणं कमी, खरखरच जास्त. मी अत्तराच्या बोळ्याने टेपचं हेड पुसलं. मग खरखरही धड ऐकू येईना. तेव्हा टेप काखोटीला मारून यवतमाळातल्या दुरुस्तीवाल्या चाचांकडे पळालो.

चाचांनी हेड साफ करून कॅसेट ऐकली. "भाऊ, माल बराबर हाय. जुन्या तबकडीवरून उतरवली, खरखर तिची हाय. ते काढाल तं गानंबी जाईल. अन् हेडले अत्तर कायले लावलं? लगन हाय का त्याचं?"

घरी येऊन बायकोला चाचांचं बोलणं सांगितलं आणि कॅसेट नीट ऐकली. अमेरिकेतल्या कापसाच्या मुलखातले काळे गायक. मित्राने सोबत चिठ्ठी दिली होती: शेतात राबणाऱ्यांच्या हाकांतून हे ब्लूज उगवलं. पुढे तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांची माणसं यंत्रं घेऊन आली, भाड्याच्या खोलीत गायकांना बसवलं आणि तबकडीच्या एका बाजूला मावतील तेवढी तीनेक मिनिटं धरून ठेवली. ज्यांच्यापर्यंत यंत्र पोचलं नाही, त्यांचं गाणं त्यांच्यासोबतच गेलं.

गिटारवाला एक ओळ म्हणे, तीच पुन्हा म्हणे, मग तिसरीत जवाब. बायको कणकेच्या हातांनी बाहेर आली.

"हे तं माह्या मायसारखं हाय. वेचताना ते असंच म्हणते. एक ओळ दोनदा, मग जवाब."

मला चिठ्ठीतली शेवटची ओळ आठवली. सासूबाई मुकुटबनला. चालताना दम लागे, म्हणून यंदाची वेचणी शेवटची, असं त्यांनी सांगूनच टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं, टेप आणि कोरी कॅसेट एसटीत.

मी सासूबाईंना बाजेवर बसवलं, टेप समोर ठेवला. एक शब्द फुटेना.

"जवाईबापू, हात रिकामे असले का गानं येत नाही. वावरात चाला."

वावरात त्यांनी कमरेला ओटी बांधली आणि कपाशीच्या पऱ्हाटीत शिरल्या. मी टेप पोटाशी धरून मागे. चार बोंडं ओटीत पडली आणि गाणं सुरू झालं.

*औंदा भाव पडला, कापूस घरात,*
*औंदा भाव पडला, कापूस घरात...*

शेजारच्या ओळींतल्या बायांनी जवाब दिला:

*नातू लोळते माह्या पांढऱ्या ढगात.*

तीच ठेवण. समुद्रापलीकडची ती बाजू आणि आमचं मुकुटबन एकाच वावराचे दोन धुरे, दोन बांध वाटले मला. दम लागेस्तोवर सासूबाई गायल्या.

घरी येऊन कॅसेट लावली. वारा, पऱ्हाटीची घासघास, सासूबाईंचा आवाज आला. आणि प्रत्येक जवाबावर, टेपला अगदी चिकटून, माझं "वा! वाहवा!" मी ओरडलो होतो हे मला आठवतही नव्हतं. वेचणी त्याच दिवशी संपली होती; आता सासूबाई पुन्हा वेचायला जाणार नव्हत्या.

"चाचांना विचारतो," मी खाली मान घालून म्हणालो, "माझा आवाज तेवढा काढता येतो का."

बायकोने कॅसेट काढून पदराने पुसली.

"राहू द्या. ते काढाल तं गानंबी जाईल. मायच्या तबकडीची खरखर तुमी."