चार कप्पे

“तुमी म्हणताय तर करतो,” असं म्हणून तो पेन्सिल कानामागं खोचायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती हो म्हणतात आणि आपल्याला वाटतं, नाही म्हणाली असती तर बरं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. सांगलीत एक जुना कॉम्प्युटर घेऊन मी साखर कारखान्याचं काम करायचो. तो माझा प्रोग्रामर, फलटणकडचा, फौजेत बिनतारी यंत्रांवर राहून आलेला. काम एकच: कुणाचा ऊस कधी तोडायचा याची यादी लावणं. ज्याची लागण, म्हणजे लावणी, आधी, त्याची तोड आधी. त्यासाठी त्यानं कॉम्प्युटरला हुकूम द्यायची स्वतःची छोटी भाषा बांधली होती, आणि ती चालवायला खऱ्या यंत्राच्या पोटात एक कल्पनेतलं यंत्र.

ते फार संथ होतं. त्यात आकडे थाळ्यांसारखे एकावर एक रचलेले. खालचा हवा तर वरचे आधी उचला. कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यानं मला बजावलं, यादी लवकर निघत नसेल तर काम दुसऱ्याला देऊ. मग माझ्या प्रोग्रामरनं नवा आराखडा काढला. चळत मोडायची आणि आकडे नंबर घातलेल्या कप्प्यांत ठेवायचे. हवा तो कप्पा थेट उघडायचा.

“आठ कप्पे लागतील, शेठ.”

आठ मागतो म्हणजे पाचात भागत असणार. बाजारात वाढलेला मी, म्हणालो, सहा.

“सहाला आठाएवढीच जागा जाती. दर हुकमात कप्प्याचा नंबर लिवावा लागतो. चारपातूर नंबर कमी जागंत बसतोय.”

“मग चार.” मेमरी वाढवायची माझी तयारी नव्हती.

त्यानं कागदावर चार चौकोन काढले. मग म्हणाला, चारात न मावणारा आकडा बाहेर एका जागी ठेवावा लागेल. एकाच शेतकऱ्याची दोन रानं असली तर दुसऱ्या रानाची तारीख पहिल्या रानाच्या तारखेवर बसायची भीती आहे. तपासायला सवड हवी. मी भडकलो. कारखान्याचा बॉयलर पेटायला, हंगाम सुरू व्हायला आला होता. त्यानं पेन्सिल कानामागं खोचली.

माझं अजूनही म्हणणं आहे, ज्याला आठ हवे होते त्यानं सोळा मागायचे. मी आठावर आलो असतो.

जिला आधी दिवस लागायचा ती यादी न्याहारीच्या वेळेतच निघाली. शेती अधिकाऱ्यानं पेढे वाटले. माझ्या प्रोग्रामरचा पेढा टेबलावर तसाच राहिला, त्याला मुंग्या लागल्या. दुपारी तो गच्चीवरून नदीपलीकडची रानं बघत उभा राहायचा. काय बघतोस विचारलं, तर “ऊस अजून उभा हाय,” एवढंच.

माघात एक शेतकरी दारात आला. हातात उसाचा पांढरा तुरा.

“आवं, थोरल्या रानाची लागण आधीची. त्याला ह्यो तुरा फुटलाय, वजन घटतंय. आन तोड चैतात, बारक्या रानासंगं?”

यंत्राची यादी आहे, मी म्हणालो. तेवढ्यात हा उठला.

“चूक आमची हाय, दादा. दोन रानवाली आनखी बी असतील.”

कोणता दुकानदार गिऱ्हाइकासमोर हे बोलतो? मी त्याला नाही नाही ते बोललो. तो ऐकून न ऐकल्यासारखा त्या शेतकऱ्याबरोबर कारखान्यावर गेला. अधिकाऱ्यानं सांगितलं, हंगामात यादी बदलत नसते.

दुसऱ्या दुपारी नदीपलीकडं धूर उठला. जळका ऊस वजनात मार खातो, पण यादी काही म्हणो, तो लगेच तोडावाच लागतो, हे आपल्याकडं कुणालाही सांगावं लागत नाही. पुढच्या दिवशी आणखी दोन ठिकाणी धूर. ती रानं कुणाची, हे मी यादीत बघितलं नाही. गरज नव्हती, दोन रानवाल्यांचीच असणार.

मी गाडी काढून गेलो. शेजारच्या उसात आग जाऊ नये म्हणून तो ओलं पोतं घेऊन बांधावर उभा होता, तोंड काळंठिक्कर. कामावर चल, मी ओरडलो.

“वारं फिरतंय, शेठ. मागं सरा.”

धूर आमच्या मधे आला. धूर विरला तेव्हा बांधावर नुसतं पोतं पडलं होतं, तो पाठमोरा पुढच्या धुराकडं चालला होता, आणि तोडणीची टोळी कोयते घेऊन धुमसत्या रानात शिरत होती.