परत न करायचा वाडगा

"पुत्सिन," असं म्हणून ती अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणायची. तिच्या भाषेत पुत्सिन म्हणजे थोडंसं. मग त्याच हाताने डाव उचलून ताटात तीन डाव वाढायची. तुमच्यासमोर असं ताट आलं असतं, तर तुम्हीही माझ्यासारखंच मुकाट्याने संपवलं असतं.

आखातात, अल बर्शातल्या आमच्या इमारतीत ती समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. लेकीचं बाळ सांभाळायला रोमानियातल्या एका खेड्यातून आलेली, साठीची, डोक्याला रुमाल बांधणारी बाई. लेक नर्स होती. सगळे तिला 'तांती' म्हणत, म्हणजे मावशी. इंग्रजीचे दहा-बारा शब्द तिला येत. उरलेलं काम हात आणि भुवया करत.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी ती दारात उभी राहिली. एका हातात पाव, दुसऱ्या हातात बशीत चिमूटभर मीठ. त्यांच्या गावात नव्या माणसाचं स्वागत असं करतात. आईला वाटलं, हिच्याकडचं मीठ संपलंय. तिने आमच्या डब्यातलं मीठ बशीत शीग लावून भरलं आणि म्हणाली, "लागलं तर अजून ने हो." तांतीने बशीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि इतकी हसली की आतलं बाळ रडत उठलं.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे "तू शिकलेली, तू बोल," असं म्हणून आई मला पुढे करायची. इंग्रजी बोलताना मला घाम फुटतो, हे तिला अजून माहीत नाही.

एका शनिवारी तांतीने माझ्या हातात नवाकोरा मातीचा वाडगा ठेवला. आत उकडलेले गहू, साखर, अक्रोड. वर एक बारीक मेणबत्ती. मी म्हटलं, "थँक यू."

"नो थँक यू!" तिने बोट हलवलं. "बोग्दाप्रोस्ते."

मी कसंबसं बोग्दाप्रोस्ते म्हटलं. तिचा चेहरा उजळला. ती क्रूसाची खूण करून गेली.

आता शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे तुम्हाला सांगायला नको. आईने वाडगा घासूनपुसून त्यात रव्याचे पाच लाडू घातले. मी बेल दाबली. वाडगा पाहताच तांतीने दोन्ही हात पाठीमागे नेले. मग लाडू ॲप्रनमध्ये ओतून घेतले आणि वाडगा माझ्या छातीशी दाबला. "नो. नो."

"भिडस्त आहे बिचारी," आई म्हणाली आणि वाडग्यात चकल्या भरल्या. चकल्या ॲप्रनमध्ये गेल्या, वाडगा माझ्याकडे आला. तिसऱ्यांदा मी तो शंकरपाळ्यांसकट तिच्या पायपुसण्यावर ठेवला, बेल दाबली आणि पळून आले. थोड्या वेळाने समोरून रडण्याचा आवाज आला. बाळाचा नव्हता.

"आपल्या हाताने भांडं बाटलं का हिचं?" आई फणकारली. बाबा नोकरीला असायचे त्या रुवैसहून त्यांचा फोन आला होता, त्यांनाही तिने हेच ऐकवलं. बाबा म्हणाले, "खलास! एका वाडग्यावरून दोन देशांचं भांडण."

संध्याकाळी तांतीची लेक ड्यूटीवरून थेट आमच्याकडे आली. वाडगा तिच्या हातात होता.

"आंटी, माझी आजी या हिवाळ्यात गेली. बाळ लहान होतं, म्हणून आईला तिच्या अंत्यसंस्काराला जाता आलं नाही. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावाने अन्न देतात, भांड्यासकट. इथे दिलं की तिकडे पोचतं. घेणाऱ्याने 'देव त्यांना क्षमा करो' म्हणायचं. तेच ते बोग्दाप्रोस्ते. पण भांडं परत आलं, तर... आई म्हणते, आजीच्या हातातून तीनदा वाडगा काढून घेतला."

मी ते मराठीत सांगितलं, तशी आई म्हणाली, "अगं बाई! आपण तेराव्याला भांडी देतो, छत्री देतो. कोणी छत्रीत लाडू भरून परत आणून देतं का?"

वाडगा नव्याने द्यायला हवा, तोही चर्चमध्ये आणि आम्हालाच, असं तांतीने ठरवलं. असा काही नियम नाही, असं फादर म्हणाले. "आमच्या गावात आहे," तांती म्हणाली.

रविवारी आई पैठणी नेसून निघाली. सुट्टीला घरी आलेले बाबा गाडी चालवत होते आणि ती वाटभर पुटपुटत होती, "बोग्दाप्रोस्ते, बोग्दाप्रोस्ते." चर्चमध्ये दोन तास सगळे उभेच. आई माझ्या कानात म्हणाली, "सत्यनारायणाला निदान बसायला तरी मिळतं गं."

शेवटी फादरांनी गेलेल्यांची नावं वाचली. मग उकडलेल्या गव्हाचं ताट सगळ्यांनी मिळून उचललं आणि गात गात हळूहळू झुलवलं. ज्यांचा हात पोचत नव्हता, त्यांनी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला. आईने तांतीच्या खांद्यावर ठेवला, मी आईच्या. बाबांनी जरा विचार करून माझ्या.

बाहेर अंगणात तांतीने वाडगा पुढे केला. आईने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि वाटभर पाठ केलेला शब्द नेमका विसरली.

तांती वाट पाहत राहिली. मी सांगायला तोंड उघडलं, तर आई मराठीतच म्हणाली, "पोचलं गं तुझ्या आईला. मी देणार नाही आता परत."

मी ते इंग्रजीत सांगितलं, लेकीने त्यांच्या भाषेत. तांतीने आईच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. बाबा गाडीची किल्ली शोधल्यासारखं करत बाजूला गेले.

निघताना आईने माझ्याकरवी लेकीला एकच विचारलं, "तुझ्या आजीला काय आवडायचं?"

"दुधात कालवलेला मक्याचा सांजा."

बाळ शाळेत जायला लागलं आणि तांती तिच्या गावी परत गेली. समोरच्या फ्लॅटमध्ये आता दुसरे लोक आहेत. आईला दुधाचा वासही सहन होत नाही. तरी दर रविवारी ती त्या वाडग्यात मक्याचा सांजा घेते, वर दूध ओतते, आणि नाक मुरडत शेवटच्या घासापर्यंत खाते.

"मला मेलीला कुठे आवडतं?" ती म्हणते. "पण तांतीची म्हातारी आई तिकडे जेवायला खोळंबली असेल."