पोटॅशियमची जागा

विनया देवस्थळींना ईमेल आली ती मंगळवारी, तिसऱ्या तासाला. नववीच्या विज्ञान चाचणीत प्रश्न क्रमांक १४ मध्ये त्यांच्या दोन्ही तुकड्या समूहातल्या सहा शाळांत तळाला होत्या. कारण कळवा, आणि शुक्रवारपर्यंत कच्च्या मुलांसाठी रेमेडियल तास घ्या, असं मुख्य कार्यालयानं लिहिलं होतं. सोबत एक रंगीत आलेख होता. त्यांच्या नावासमोरचा खांब लाल होता.

प्रश्न एका मार्काचा होता. पोटॅशियमच्या एकोणीस इलेक्ट्रॉनांची मांडणी कशी? पर्याय ब : २, ८, ९. पर्याय क : २, ८, ८, १.

बरोबर उत्तर क. तिसऱ्या कवचात अठरा इलेक्ट्रॉन मावतात हे खरं, पण ते कवच सगळ्यांत बाहेरचं असेल तर तिथे आठच राहतात. एकोणिसावा चौथ्या कवचात जातो. नुसतं सूत्र पाठ केलेली मुलं तिसऱ्यातच नऊ कोंबतात. ही चूक विनया एकतीस वर्षं खोडत आल्या आहेत. या वेळी ती मुलांच्या वहीत नव्हती, कार्यालयातून आलेल्या उत्तरतालिकेत होती. उत्तरपत्रिका यंत्रानं तपासल्या. त्यांच्या अडुसष्ट मुलांपैकी एक्केचाळीस जणांनी क लिहिलं होतं आणि एक्केचाळीस जणांना शून्य मिळालं होतं.

विनया एकोणसाठ वर्षांच्या आहेत. वडील केंद्रीय मंत्रालयात कारकून, बालपण दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, एम.एस्सी. तिथेच. नोएडातल्या या खासगी शाळेत त्या पंचवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतात. अठ्ठावन्ननंतर करार दरवर्षी नवा होतो आणि त्याची शिफारस कोऑर्डिनेटर करतो. मुलं त्यांना पाठीमागे ‘क्लोरीन मॅम’ म्हणतात. त्यांना ते माहीत आहे. ‘ऑक्सिजन म्हणाले असते तर काळजी वाटली असती,’ असं त्या म्हणतात.

त्यांची एक पद्धत आहे. एप्रिलमध्ये मुलं चिठ्ठ्या काढतात. आलेला नंबर हा वर्षभराचा अणुअंक, आणि प्रयोगशाळेत जागाही त्यानुसारच. उभ्या रांगा आठ. हायड्रोजन पहिल्या रांगेत पुढे, हेलियमचं कवच दोनांतच भरतं म्हणून तो आठव्या रांगेत पुढे, मधल्या सहा जागा रिकाम्या. तिनाच्या मागे अकरा, अकराच्या मागे एकोणीस, कारण तिघांच्याही बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन आणि म्हणून तिघांचा स्वभाव सारखा. वीसच्या पुढची मुलं मागच्या लांब टेबलांवर बसून आपला नंबर कधी लागणार म्हणून कुरकुरतात. दहावीच्या पुस्तकातून आवर्तसारणीचा धडा वगळला गेला तेव्हा विनयांनी नववीची ही मांडणी अधिकच कडक केली. परीक्षेत नसलेलं शिकवता कशाला, असं त्यांना दोनदा विचारलं गेलं. दोन्ही वेळा त्या पुढचा तास घ्यायला निघून गेल्या.

या वर्षी एका तुकडीत एकोणीस नंबर देविका नेगीला आला होता. या चाचणीत चाळीसपैकी बत्तीसला फाउंडेशन तुकडी मिळते. तिथे चांगले शिक्षक, जास्त तास, आणि पुढे विज्ञान शाखा जवळजवळ नक्की. देविकाला एकतीस होते. स्वतःच्याच मूलद्रव्याचा मार्क तिनं गमावला होता.

बुधवारी मधल्या सुट्टीत विनयांनी कोऑर्डिनेटरला प्रयोगशाळेत बोलावलं. सिद्धांत खन्ना, वय एकतीस, एम.बी.ए.

‘मॅम, आन्सर-की तो हेड ऑफिस से आती है,’ तो दारातूनच म्हणाला. ‘सिस्टम लॉक है.’

‘सिस्टम रहने दीजिए. यह क्लास देखिए. बाहर के शेल में जितने इलेक्ट्रॉन, उतने नंबर की लाइन. आपके हिसाब से पोटैशियम के बाहर नौ हैं. बिठाइए उसे.’

सिद्धांतनं रांगा मोजल्या. आठच भरल्या.

‘नौवीं कहाँ है?’ विनयांनी विचारलं.

आठव्या रांगेपलीकडे भिंतीला लागून बेसिन होतं.

‘वहाँ तो सिंक है, मॅम.’

‘बिल्कुल. बिठाइए पोटैशियम को पानी में. आग लगेगी तब समझ में आएगा कि बाहर एक ही था.’

सिद्धांत हसला नाही. आवाज खाली आणून म्हणाला, ‘मॅम, उस बच्ची का मैं कर देता हूँ. एक ग्रेस मार्क. चुपचाप.’

‘ग्रेस?’ विनयांचा आवाज व्हरांड्यात ऐकू गेला. ‘सही जवाब पर ग्रेस? भीख दे रहे हैं? और बाकी चालीस?’

घरी जयंतनं, त्यांच्या नवऱ्यानं, सगळं ऐकून घेतलं. तो मंत्रालयातून निवृत्त झाला आहे आणि फायली कशा चालतात हे त्याला ठाऊक आहे.

‘अगं, पोरगी वर जातेय ना? मग झालं की यार. एका मार्कासाठी करार घालवशील.’

‘एका मार्कासाठी नाही. उद्या मी वर्गात काय सांगू? दोन, आठ, नऊ?’

‘तू सांग तुझं बरोबर. कागदावर त्यांचं असू दे.’

‘तू हेच केलंस छत्तीस वर्षं.’

त्या बोलण्याबद्दल विनयांनी नंतर माफी मागितली नाही.

रात्रीत त्यांनी सहाही शाळांच्या विज्ञान शिक्षकांना तालिकेची चूक लिहून पाठवली, प्रत कार्यालयाला. दोघा शिक्षकांनी मान्य केली, तीही खासगीत. बाकीच्यांनी अंगठ्याचं चित्र धाडलं. गुरुवारी दुपारी कार्यालयाचा निर्णय आला : ‘प्रश्न १४ रद्द. सर्वांना एक मार्क.’ तालिका चुकली होती, असं त्यात कुठेही नव्हतं. बरोबर लिहिणाऱ्यांना एक, चूक लिहिणाऱ्यांना एक, कोरं सोडणाऱ्यांनाही एक. लाल खांब तसाच राहिला आणि रेमेडियल तासाचा आदेशही.

देविका धावत स्टाफरूमशी आली. ‘मॅम, बत्तीस हो गए! थँक यू मॅम!’

‘तुमने क्या लिखा था?’

‘दो, आठ, आठ, एक.’

‘तो थँक यू किस बात का? सही लिखा था तो कल लड़ी क्यों नहीं?’

मुलीचा चेहरा पडला. चौदा वर्षांच्या मुलीनं कुणाशी आणि कसं लढायचं होतं, हे विनयांना तेव्हा सुचलं नाही. संध्याकाळी मेट्रोत सुचलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी देविकाला बोलावून सांगितलं, ‘ग़ुस्सा तुम पर नहीं था. निकला तुम पर.’ देविका म्हणाली, ‘पता है मॅम. क्लोरीन हवा में कहीं भी फैलती है.’ आणि जीभ चावली. विनयांनी तिला वर्गात पिटाळलं.

शुक्रवारी निकालपत्रकावर सही करायची होती. विनयांनी सही केली आणि खाली लाल शाईनं लिहिलं : ‘प्रश्न १४ चे योग्य उत्तर क. तालिका चुकीची.’ सिद्धांतनं नवी प्रत छापून आणली. त्यांनी पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्या प्रतीवरही.

‘मॅम, रिन्यूअल की फ़ाइल भी मेरी ही टेबल पर है,’ तो म्हणाला. धमकावणीच्या सुरात नाही, थकून.

‘तो उसमें भी लिख दीजिए. स्पेलिंग मैं बता दूँगी.’

तिसरी प्रत तशीच वर गेली. बाकीच्यांची करारपत्रं जानेवारीत आली. विनयांचं आता फेब्रुवारी संपत आला तरी आलेलं नाही.

त्याच शुक्रवारी शेवटच्या तासाला त्यांनी रेमेडियल तास मात्र घेतला. ज्या सत्तावीस मुलांनी क लिहिलं नव्हतं, विद्यार्थ्यांपैकी फक्त त्यांनाच बोलावलं. मूळ निकालात मार्क मिळालेली मुलं चक्रावली. ‘मॅम, हमारा तो सही था ना?’ एकानं विचारलं. विनयांनी त्याला उठवलं, नवव्या रांगेत जाऊन बस म्हणाल्या. तो बेसिनपाशी जाऊन उभा राहिला, आणि हसता हसता एकेकानं वहीतले नऊ खोडून तिथे आठ, एक लिहिलं.

सुटीनंतर त्यांनी कार्यालयाला अहवाल पाठवला. त्यात तीनच वाक्यं होती : ‘प्रश्न १४ चा रेमेडियल तास घेतला. उपस्थिती सत्तावीस. कोऑर्डिनेटरना आणि तालिका करणाऱ्यांनाही बोलावलं होतं, ते आले नाहीत.’